आधी जिंकू, मग बोलू

वनिता हिराओकाला आयुष्यात कुणी भाषण करायला सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं ते दोघांनी, एकाच गुरुवारी, एकमेकांच्या विरोधात.

सुगिओका हे नागोयापासून गाडीने पाऊण तासावरचं शहर. मोटारींचे सुटे भाग बनवणारे कारखाने, त्यांच्या मागे तीन-तीन मजली क्वार्टर्स आणि मधे अजून तग धरून राहिलेली भातखाचरं. मूळची कराडची वनिता सव्वीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात दुभाषी म्हणून इथे आली. केंजी हिराओकाशी लग्न केलं, बारा वर्षांपूर्वी जपानचं नागरिकत्व घेतलं, आणि तीन वर्षांपूर्वी केंजी गेल्यावरही इथेच राहिली. दर शनिवारी कोमिनकानमध्ये, म्हणजे गावच्या सार्वजनिक सभागृहाच्या वरच्या मजल्यावर, ती परदेशी कामगारांच्या मुलांना जपानी शिकवायची. छत्तीस मुलं होती. मराठी, तमिळ, ब्राझीलची, फिलिपिन्सची. ती खोली मिळवून दिली होती नगरसेवक ओकुमुरांनी, आणि त्या उपकाराला स्मरून ती त्यांच्या पक्षाची सभासद झाली होती.

सप्टेंबरात ओकुमुरा वारले. जानेवारीत महापौराची निवडणूक होणारच होती, तिच्याबरोबर त्यांच्या एका जागेची पोटनिवडणूक लागली. जागा एक आणि पक्षात इच्छुक दोन: निशिवाकी आणि ओजस्वी कानडे. तेव्हा शाखेने ठरवलं, नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी सभासदांनीच मत देऊन उमेदवार निवडायचा. प्रत्येक इच्छुकाच्या बाजूने एक सभासद तीन मिनिटं बोलेल, मग गुप्त मतदान.

पहिले आले निशिवाकी. अठ्ठावन्न वर्षांचे, तातामीच्या चटया विणणाऱ्या घराण्यातले, ओकुमुरांचे एकोणीस वर्षांचे सचिव. केंजीचे शाळेतले दोस्त. केंजीच्या शेवटच्या दीड वर्षात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला गाडीने नेणारा हाच माणूस. कारखान्याच्या फाटकाबाहेर ते तिची वाट बघत उभे होते.

"हिराओका-सान, रविवारी माझ्यासाठी तुम्ही बोला," त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. "शाखेत तुम्ही नागरिकत्व घेतलेले पाच जण आहात. बाकीचे चौघं तुमच्याकडे बघून मत देतात, हे मला माहीत आहे. पण त्यासाठी नाही म्हणत. तुम्ही बोललात तर लोकांना कळेल, मी काही परदेशी लोकांच्या विरोधात नाही."

"मग परदेशी मुलांच्या शाळेचा ओजस्वीचा मुद्दा तुम्ही पत्रकात का घेत नाही?"

निशिवाकींनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "तिचा मुद्दा बरोबरच आहे. म्हणून तर भीती वाटते. समोर काकिझाकी उभा आहे. 'गावची सभागृहं आधी नागरिकांना', एवढं एकच वाक्य घेऊन तो दारोदार फिरतोय आणि लोक त्याला आत बोलावून चहा देतात. आपण पत्रकात परदेशी मुलांचा विषय छापला की आपण पडलो. महापौरपदाचा आपला माणूसही सोबत पडेल. मग तुमच्या वर्गाची खोली जाईल, ती कोण वाचवणार? आधी जिंकू, मग बोलू."

यात वनिताला खोडून काढता येईल असं काहीच नव्हतं. "बोलेन मी," ती म्हणाली. आणि शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण दुसरी बाजू ऐकूनच घेतलेली नाही.

दुसरी बाजू संध्याकाळी साडेसहाला दारात हजर झाली. ओजस्वी कानडे एकतीस वर्षांची होती. वडील नंदकिशोर कानडे, पुण्याचे इंजिनिअर, आई जपानी. जन्म इथलाच. वनिताच्या वर्गाची ती अगदी पहिली विद्यार्थिनी, उलट्या कारणासाठी: तिला जपानी येत होतं, मराठी येत नव्हतं, आणि बाप हट्टाने तिला वनितामावशीकडे मराठी शिकायला पाठवायचा. आता ती नागोयात वकिलांच्या कचेरीत काम करायची, आणि मराठी बोलताना मधेच जपानीत घसरायची.

"मावशी, तू माझ्यासाठी बोलशील ना?"

वनिताने खरं ते सांगितलं. ओजस्वीचा चेहरा पडला, पण ती उठून गेली नाही. बूट काढून आत आली, टेबलाशी बसली.

"निशिवाकी-सान चांगले आहेत," ती म्हणाली. "ते निवडून येतील, हेही खरं असेल. पण निवडून येऊन ते करणार काय? ओकुमुरा-सान पाच वेळा निवडून आले. दर वेळी म्हणाले, पुढच्या वेळी. तुला संपदा माहितेय ना?"

वनिताने मान हलवली. संपदा तेरा वर्षांची. बाप प्रताप कारखान्यात टेक्निशियन, आई राधिका. मागच्या वर्षी सप्टेंबरात नाशिकहून आले. जपानी मुलांना वय झालं की शाळेत बोलावणारं पत्र आपोआप घरी येतं. परदेशी मुलांना ती सक्ती नाही, त्यांच्या आईबापांनी आपणहून अर्ज करायचा. राधिकाने केला. शाळेने गोड शब्दांत सांगितलं, जरा भाषा येऊ द्या, मग बघू.

"चौदा महिने झाले मावशी. चौदा! पोरगी घरात बसून धाकट्या भावाला सांभाळते, शनिवारी तुझ्या वर्गालाही येत नाही. तीन दिवसांपूर्वी मी गेले होते तर तिनं मला विचारलं, आता शाळेत गेले तर मला लहान मुलांच्यात बसवतील का? मला एवढंच हवंय, की गावात राहणाऱ्या प्रत्येक मुलाला ते पत्र गेलंच पाहिजे. पासपोर्ट कुठलाही असो. आणि हे मी पत्रकाच्या पहिल्या ओळीत छापणार. लपवून जिंकले तर ते करायचा मला हक्क काय?"

"आणि हरलीस तर?"

"हरले तर हरले. निदान कुणीतरी मोठ्याने बोललं असेल." मग म्हणाली, "राधिकाताई सांगत होत्या, त्यांना शाळेशी भांडायचं होतं. पण कुणीतरी त्यांना सांगितलं, थांबा, वाद घालू नका, एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू होईल तेव्हा बघू. नाव नाही सांगत त्या. मला एकदा त्या माणसाला भेटायचंय."

वनिता चहा ठेवायला म्हणून उठली. तो माणूस तीच होती. मागच्या हिवाळ्यात वर्गाच्या दाराशी उभी राहून राधिकाने विचारलं होतं आणि तिने सांगितलं होतं, "थोडं थांबा. इथे आवाज चढवला की काम होत नाही." मग एप्रिल आला, गेला. राधिकाने पुन्हा विचारलं नाही, आणि वनितानेही नाही.

तिने ओजस्वीला काही सांगितलं नाही. "मी शब्द दिलाय गं," एवढंच म्हणाली. ओजस्वी चहा न पिताच गेली.

शनिवारी सकाळी वर्गाच्या दारावर कागद चिकटवलेला होता. मागच्या वर्षीच्या सहलीचा फोटो, कुणीतरी इंटरनेटवरून काढलेला. मुलांच्या चेहऱ्यांभोवती लाल गोल. खाली जाड अक्षरांत: ही खोली कुणाची?

मुलं जिन्यात उभी होती. मोठ्यांना वाचता येत होतं, ती गप्प होती. लहान होती ती आपापला गोल शोधून दाखवत होती. "हा मी! हा मी!" तिने कागदाचा कोपरा धरून ओढला, पण तो डिंकाने पक्का बसला होता, अर्धाच फाटून हातात आला.

पंधरा मिनिटांत निशिवाकी पोहोचले; खालच्या रखवालदाराने फोन केला होता. त्यांनी उरलेला कागद नखांनी खरवडायला घेतला. दारावरचा शेवटचा पांढरा डाग निघेपर्यंत ते वाकून खरवडत राहिले. मग म्हणाले, "पाहिलंत? म्हणून म्हणतो. हे लोक जिंकले तर असले कागद लावायचीही गरज राहणार नाही. कुलूपच बदलतील."

त्या दिवशी तीन आया आपापल्या मुलांना घेऊन परत गेल्या. एकीने वनिताचे दोन्ही हात धरून माफी मागितली. दुपारी मूळच्या ठाण्याच्या जयेशचा फोन आला. तोही नागरिकत्व घेतलेल्या पाचांपैकी. "ताई, मी फोटो बघितला. माझी मुलगी आहे त्यात. उद्या तुम्ही म्हणाल तिकडे मत टाकतो, पण एक सांगा, खात्री आहे ना तुमची?"

"निशिवाकी-सानच निवडून येऊ शकतात, जयेश."

"ते नाही विचारलं मी," जयेश म्हणाला.

आणि त्याने फोन ठेवला.

चार वाजता ती राधिकाच्या घरी गेली. खरं तर माफी मागायला गेली होती, पण राधिकाने लगेच पोहे टाकले, प्रतापने खुर्ची पुढे केली, आणि माफी मागायची तर संपदाच्या देखत मागावी लागणार होती. संपदा खिडकीशी बसून धाकट्याच्या नाकाला टिश्यू लावत होती. तिने वर बघून "नमस्ते सेन्सेई" म्हटलं, मग जपानीत एक अख्खं वाक्य, व्याकरणाच्या एकाही चुकीशिवाय. कुठे शिकलीस, वनिताने विचारलं. "टीव्ही," संपदा म्हणाली. "दिवसभर असतो ना."

वनिता पोहे खाऊन, माफी न मागता परत आली.

रविवारी दोन वाजता शाखेच्या सभेला सदुसष्ट सभासद जमले. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर ओकुमुरांचा काळी फीत लावलेला फोटो. शाखाप्रमुख समोर एक छोटी घंटा घेऊन बसले होते. तीन मिनिटं झाली की वाजवायची. महापौरपदाचा उमेदवार पहिल्या रांगेत, सारखा रुमालाने मान पुसत होता.

दोन्ही इच्छुक बोलले. निशिवाकी अडखळत, पण रस्ते, म्हाताऱ्यांची बस, पुराच्या वेळी निवाऱ्याच्या जागा, सगळं त्यांना पाठ होतं आणि लोक माना डोलवत होते. ओजस्वी उभी राहिली तेव्हा मागून कुणीतरी "वय किती हिचं?" असं, ऐकू जाईल इतपतच हळू, विचारलं. तिने पत्राचा मुद्दा मांडला. टाळ्या पडल्या, पण तुरळक. तिच्या बाजूने एक निवृत्त शिक्षिका बोलल्या, नेमकं आणि कोरडं.

मग वनिताचं नाव पुकारलं गेलं.

तिने भाषण कागदावर लिहून आणलं होतं. ती माईकपाशी गेली. "मी निशिवाकी-सानना मत द्या हे सांगायला उभी आहे," तिने वाचायला सुरुवात केली. "माझे पती आजारी असताना दीड वर्ष हा माणूस त्यांना दवाखान्यात नेत होता. काल माझ्या वर्गाच्या दारावर लावलेला कागद यांनी नखांनी काढला. ते शब्दाचे पक्के आहेत. ते निवडून येतील. आणि निवडून आल्याशिवाय काहीच करता येत नाही."

इथपर्यंत कागदावर होतं. पुढचं वाक्य होतं, 'म्हणून आपण थोडा धीर धरू या.' ते तिला वाचता येईना. तिने कागद खाली केला.

"इथे लिहिलंय, धीर धरू या. हे मी फार चांगलं सांगते. मागच्या हिवाळ्यात एक आई माझ्याकडे आली होती. तिच्या तेरा वर्षांच्या मुलीला शाळा घेत नव्हती. मी तिला सांगितलं, थांबा, वाद घालू नका. ओजस्वी-सान, तुम्ही ज्या माणसाला शोधताय ना, ती मी आहे."

ओजस्वीकडे बघायची वनिताला हिंमत झाली नाही.

"ती आई थांबली. मुलीला घरात बसून आता चौदा महिने झाले. काल मी त्यांच्या घरी गेले होते. पोरगी टीव्ही बघून इतकं छान जपानी शिकली आहे, की शाळेने जे कारण दिलं ते आता उरलेलंच नाही. तरी ती घरीच आहे. कारण मी सांगितलं थांबा, आणि मग मीच विसरून गेले. मुद्दाम नाही. जिला थांबायचं असतं तिला रोज आठवण असते, थांबायला सांगणाऱ्याला नसते. म्हणून निशिवाकी-सान, मी तुम्हालाच मत देणार आहे, पण एक विचारते. किती थांबायचं? तारीख सांगा."

घंटा वाजली.

नियमाने निशिवाकींना उत्तर द्यायचा हक्क नव्हता. शाखाप्रमुखांनी त्यांच्याकडे बघितलं. निशिवाकी उभे राहिले, तोंड लाल झालेलं. खोटं सांगणं सोपं होतं. एक वर्ष, म्हटलं असतं तर सभा तिथेच खिशात आली असती.

"तारीख मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि खाली बसले.

मतदान झालं. पडद्यामागे चिठ्ठीवर नाव लिहिताना वनिताने क्षणभर पेन थांबवलं. मग दिलेल्या शब्दाप्रमाणे 'निशिवाकी' असं लिहिलं आणि घडी केली. मोजणीला वीस मिनिटं लागली. निशिवाकी बत्तीस. कानडे पस्तीस.

महापौरपदाच्या उमेदवाराने रुमाल तोंडावर दाबला. कुणी ओरडलं नाही, कुणी नाचलं नाही. ओजस्वी उठली, चारी बाजूंना वाकून नमस्कार करत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण ती वनिताकडे आली नाही.

बाहेर पार्किंगमध्ये निशिवाकी गाडीला टेकून उभे होते. वनिता त्यांच्यासमोर जाऊन वाकली आणि बराच वेळ वर आली नाही.

"उठा," ते म्हणाले. "मला एक सांगा. मला पाडायचं होतं, तर सरळ तिच्या बाजूने का नाही बोललात?"

"पाडायचं नव्हतं. मी मत तुम्हालाच दिलंय."

"ते आणखी वाईट." त्यांनी गाडीचं दार उघडलं. "विरोधात बोलला असतात तर मी रागावू शकलो असतो." आणि ते गेले.

ओजस्वीचा फोन तिसऱ्या दिवशी आला. ती जपानीत म्हणाली, "गुरुवारी मी तुझ्याच घरात बसून बोलत होते, मावशी. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"त्या माणसाला मी मनात काय काय बोलले असेन, आणि ती तू होतीस." मग मराठीत, शब्द शोधत, "राग गेला नाही अजून. पण प्रचाराला येशील?"

वनिता गेली. थंडीचे सहा आठवडे ती दारोदार फिरली. काही दारं तोंडावर बंद झाली, एकाने कुत्रा सोडला, एका म्हाताऱ्या बाईने तिला हातमोजे दिले. निशिवाकी एकदाही दिसले नाहीत. सभेतली गोष्ट स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळींत छापून आली होती. ती वाचून कुणी फोन फिरवला कोण जाणे, पण डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी शाळेने संपदाला बोलावून घेतलं. तिच्या वयाच्या वर्गात बसवलं.

जानेवारीत ओजस्वी तीनशे एकाहत्तर मतांनी हरली. महापौरपदाचा पक्षाचा माणूस कसाबसा निवडून आला आणि म्हणाला, परदेशी मुलांच्या पत्रांचा विषय 'अभ्यासासाठी' घेतो. काकिझाकी नगरसेवक झाला, आणि मार्चमध्ये कोमिनकानचे नियम बदलले: नागरिकांच्या मंडळांना आधी जागा. वनिताच्या वर्गाची खोली कराओके गाणाऱ्यांच्या एका क्लबला गेली. महापौराचं सोडलं तर निशिवाकींनी सांगितलेलं सगळं अक्षरशः खरं ठरलं होतं. बत्तीस मुलं उरली होती. ती दोन गटांत, वनिताच्या आणि जयेशच्या घरी, जमिनीवर बसून शिकू लागली. दर शनिवारी दारातले बूट मोजताना वनिताच्या मनात यायचं, तारीख विचारली नसती तर? उत्तर कधी या बाजूचं यायचं, कधी त्या.

एप्रिलच्या अखेरीस सुपरमार्केटमध्ये, कांद्यांच्या ढिगापाशी, निशिवाकी समोर आले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. दोघंही टोपल्या धरून उभे राहिले.

"पुढच्या वर्षी सगळ्या जागांची निवडणूक आहे," ते शेवटी म्हणाले. "पक्षाला दोन उमेदवार देता येतील. मी उभा राहतोय. ती राहतेय?"

"राहतेय."

"पत्रकात पहिली ओळ तीच?"

"तीच."

निशिवाकींनी एक कांदा उचलला, दाबून बघितला, टोपलीत टाकला. "माझ्या पत्रकात चौथी असेल. पहिली छापायचं धाडस नाही माझ्यात. पण असेल." ते अजून तिच्याकडे बघत नव्हते. "या खेपेला कुणासाठी बोलणार, हिराओका-सान?"

"तिच्यासाठी," वनिता म्हणाली. यावेळी तिने आधी नीट विचार केला होता. "तुमच्यासाठी नाही. राग मानू नका."

"मानीन," निशिवाकी म्हणाले. "पण आता मानता येईल."